वाचकांचे प्रश्न : बांधण्याआधीचे घर दाखवण्याचे काम

इमारत उभी राहण्याआधी तिचे संगणकावर हुबेहूब चित्र तयार करून देणे, म्हणजे बांधकामाच्या व्यवहारात ज्याला आपण थ्रीडी, व्ह्यू किंवा रेंडर म्हणतो, या कामाविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांना या वेळचे सदर दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून, पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी उदगीरची आहे. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन एका अभियंत्यांच्या कार्यालयात नकाशे काढते. ऑटोकॅड चांगले येते, स्केचअपमध्ये साधे एलिव्हेशन, म्हणजे इमारतीची समोरची बाजू, करते. थ्रीडीचे काम मनापासून आवडते. पण त्यासाठी आर्किटेक्टची पदवी लागते का, कोणते सॉफ्टवेअर शिकावे आणि संगणक कसा घ्यावा, हे सांगणारे इथे कोणी नाही. पुण्याला गेल्याशिवाय यात काही होत नाही, असे घरचे म्हणतात.

उत्तर : पदवी लागत नाही. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येते, त्यामुळे तो शब्द आपल्या कार्डावर छापू नका. मात्र दुसऱ्याने केलेल्या आराखड्यावरून चित्र तयार करायला त्या नोंदणीची गरज नाही. उलट, तुमची पदविका हे या कामातले मोठे भांडवल आहे, आणि ते तुमच्या लक्षात आलेले नाही असे पत्रावरून वाटले. केवळ ॲनिमेशनचा अभ्यासक्रम करून आलेला मुलगा दहा फूट पुढे आलेला सज्जा खाली तुळईचा पत्ता नसताना दोन इंची स्लॅबवर सहज तरंगत ठेवतो, आणि चित्र देखणे दिसल्यामुळे मालक त्याच सज्ज्याचा हट्ट धरून बसतो. मग त्याची समजूत घालणे अभियंत्याच्या माथी येते. दरवाजा सात फुटांचा, खिडकीची सिल तीन फुटांवर, पायरीची उंची साडेसहा-सात इंच, बाहेरची भिंत नऊ इंचांची, ही मापे तुमच्या हातात बसलेली आहेत. चित्र पाहणाऱ्याला मापे समजत नसली, तरी ती चुकली की काहीतरी खटकते, एवढे त्यालाही कळतेच.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच आहे की एक धरा आणि ते पुरते शिका. ढोबळमानाने यांत दोन जाती आहेत. लुमियन, एन्स्केप, डी-फाइव्ह, ट्विनमोशन यांत मॉडेल टाकले की प्रकाश जवळजवळ लगेच दिसतो. लहान कार्यालयांना हे सोयीचे पडते, कारण समोर मालकाला बसवून बदल दाखवता येतात. व्ही-रे, कोरोना आणि ब्लेंडरमधील सायकल्स हे दुसऱ्या जातीचे असून ते प्रकाशकिरणांचा मार्ग एकेका उसळीनिशी मोजत जातात, त्यामुळे वेळ जास्त घेतात आणि घराच्या आतला उजेड अधिक खरा देतात. ब्लेंडर २००२पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे आणि त्याला एक रुपयाही पडत नाही. चोरीची प्रत वापरून सुरुवात करण्यापेक्षा तुमच्या परिस्थितीत स्केचअपमधले मॉडेल ब्लेंडरमध्ये नेऊन तिथे प्रकाश आणि पोत शिकणे मला सर्वांत योग्य वाटते. यात शिकलेले पुढे व्ही-रेला जसेच्या तसे उपयोगी पडते, कारण कॅमेरा, प्रकाश आणि पृष्ठभागाचे गुणधर्म सगळीकडे तेच असतात.

संगणक सॉफ्टवेअर ठरल्यावरच घ्या. कोरोना मुख्य प्रोसेसरवर चालते, म्हणून तिथे पैसा प्रोसेसरवर घालावा लागतो. लुमियन, डी-फाइव्ह किंवा सायकल्ससाठी ग्राफिक्स कार्ड महत्त्वाचे असते आणि त्यातही कार्डाची स्मृती पाहावी, कारण झाडे, गवत, फर्निचर असे सगळे दृश्य तिच्यात मावले नाही तर काम अडते किंवा फारच मंदावते. सुरुवातीला १२ जीबीचे कार्ड आणि ३२ जीबी रॅम पुरे. यूपीएसचा खर्च मात्र टाळू नका. वॉकथ्रू, म्हणजे घरातून फिरल्यासारखे चलच्चित्र, करताना तो थेट चलच्चित्र म्हणून न काढता एकेक चौकट वेगळी प्रतिमा म्हणून साठवत जा. तीस सेकंदांच्या वॉकथ्रूत सेकंदाला २५ प्रमाणे ७५० चौकटी होतात. एकीला चार मिनिटे लागली तरी ते ५० तासांचे काम आहे, आणि एवढ्या वेळात आपल्याकडे वीज एकदाही जाणार नाही हे गृहीत धरता येत नाही. प्रतिमा सुट्या असतील तर वीज आल्यावर गेल्या चौकटीपासून पुढे सुरू करता येते, अन्यथा सगळे पाण्यात जाते.

पुण्याविषयी म्हणाल तर, हे काम उदगीरला बसून होते. पण एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली वर्षभर बसता आले, मग ते लातूरला असो, छत्रपती संभाजीनगरला असो की पुण्याला, तर ते जरूर करा. चित्रातले नेमके काय बिघडले आहे हे बोट ठेवून सांगणारा माणूस शेजारी असणे, ही सोय कोणत्याही व्हिडिओत नाही.

प्रश्न : मी नांदेडला स्वतंत्रपणे थ्रीडीची कामे करतो. माझी चित्रे स्वच्छ आणि देखणी असतात असे सर्व जण म्हणतात. पण दोन-तीन मालकांनी “घर चांगलं दिसतंय, पण आपल्या इकडचं वाटत नाही” असे सांगितले. काय कमी पडते ते मला समजत नाही.

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार, कारण या कामातला माझा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय हाच आहे. तुमच्या मालकांचे डोळे बरोबर आहेत. त्यांनी आयुष्यभर नांदेडचे ऊन पाहिले आहे आणि तुमच्या चित्रात बहुधा ते नाही.

आपण आकाशासाठी जी तयार गोलाकार छायाचित्रे उतरवून घेतो, त्यांतली कितीतरी युरोपात टिपलेली असतात. लंडनच्या अक्षांशावर जूनमधल्या भर दुपारीही सूर्य ६२ अंशांच्या आसपासच चढतो आणि डिसेंबरात तर जेमतेम १५ अंशांवर राहतो, म्हणून तिथल्या सावल्या लांब, तिरप्या आणि मऊ असतात. नांदेड साधारण १९ अंश उत्तरेला आहे. इथे २१ डिसेंबरलाही दुपारचा सूर्य ४७ अंशांवर असतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो दुपारी डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो. म्हणजे त्या दिवसांत उत्तरेच्या भिंतीला भर दुपारी उभे ऊन चाटून जाते आणि दक्षिणेची भिंत सावलीत राहते. तयार आकाश वापरले आणि ते हवे तसे फिरवले की हे सगळे हातचे जाते.

याची प्रचिती घ्यायची असेल तर दक्षिणेच्या खिडकीवरचा दोन फुटांचा छज्जा घ्या. डिसेंबरातल्या दुपारी त्याची सावली भिंतीवर दोन फुटांहून थोडीच अधिक खाली उतरते, म्हणजे चार फुटांच्या खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हात असतो. एप्रिलच्या मध्यावर सूर्य ८० अंशांवर गेला की त्याच छज्ज्याची सावली जवळजवळ बारा फूट उतरते आणि खिडकीच्या आसपासची भिंत थेट जोत्यापर्यंत झाकली जाते. नांदेडचा माणूस ही सावली मोजत नाही, पण त्याच्या अंगाला ती माहीत असते. म्हणून तयार आकाशाऐवजी सॉफ्टवेअरमधला सूर्य वापरा, त्याला नांदेडचे अक्षांश-रेखांश, प्लॉटची खरी उत्तर दिशा, तारीख आणि वेळ द्या. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आहे आणि नांदेड त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे इथला मध्यान्ह साधारणतः बारा वाजून वीस मिनिटांनी, ऋतूनुसार थोडा मागेपुढे, होतो, हेही लक्षात असू द्या. बहुतेक घरांना सकाळी साडेआठ-नऊचे किंवा दुपारी चारनंतरचे ऊन शोभते. पण पूर्वमुखी घराला संध्याकाळचे सोनेरी ऊन समोरून पाडलेले चित्र पाहिले की मला वाईट वाटते, कारण ते घर आयुष्यात कधीच तसे दिसणार नाही.

आकाशाचा रंगही ऋतूचा असतो. गर्द निळे आकाश आपल्याकडे पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास दिसते. एप्रिल-मे महिन्यांत धुळीमुळे ते क्षितिजाकडे पांढुरके पडते. चित्रात पांढुरके आकाश ठेवायला मालक तयार होणार नाहीत, हे मला मान्य आहे. मग सूर्यही ऑक्टोबर-नोव्हेंबरचा ठेवा, म्हणजे आकाश आणि सावली एकमेकांशी भांडणार नाहीत.

जमिनीकडे आपण सहसा लक्ष देत नाही, पण सज्ज्याच्या खालच्या बाजूला जो उजेड असतो तो जमिनीवरून उसळून आलेला असतो. अंगणात मुरूम असेल तर त्या उजेडाला तांबूस छटा येते, काळी माती असेल तर तो जवळजवळ येतच नाही, शहाबादी फरशी असेल तर थंड राखाडी येतो. तुम्ही घरासमोर हिरवेगार विलायती गवत पसरले असेल, तर साऱ्या छताला हिरवट रंग चढलेला असणार. एकदा तपासून पाहा. पांढऱ्या भिंतीचा रंग (० ते २५५ या मापात) पूर्ण २५५ ठेवू नका, २३५च्या आसपास ठेवा. खऱ्या चुन्या-रंगाची भिंत सगळा प्रकाश परतवत नाही, आणि तशी ठेवली तर उन्हातली भिंत कागदासारखी सपाट होते. काळा दगड लावायचा असेल तर तो कोळशासारखा काळा करू नका. आपला बेसाल्ट जवळून राखाडी असतो, त्यावर तपकिरी डाग असतात, आणि टाकीच्या घावांनी पृष्ठभाग खडबडीत झालेला असल्यामुळे तिरप्या उन्हातच तो उठून दिसतो. शक्य असेल तर ज्या दगडाचा ढीग साइटवर पडला आहे त्याचेच ढगाळ दिवशी, सावलीशिवाय, सरळ समोरून छायाचित्र घ्या आणि तोच पोत म्हणून वापरा. शेजारी फूटपट्टी ठेवून एक वेगळे छायाचित्र घेतले तर प्रमाण चुकत नाही.

झाडांच्या बाबतीत मेपल आणि बर्च काढून टाका. कडुनिंब, गुलमोहर, आसोपालव, शेवगा, कुंपणावर बोगनवेल, एवढ्यावर आपल्या बहुतेक गल्ल्या उभ्या राहतात, आणि यांची चांगली मॉडेल मिळाली नाहीत तर एखाद्या पावसाळ्याचे महिने खर्च करून स्वतः तयार करा, ती पुढे जन्मभर पुरतील. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि सौर बंब चित्रातून गाळू नका. मराठवाड्यात टाकीशिवाय घर नाही, आणि ती चित्रात असेल तरच ती कुठे ठेवावी, तिला जाळीदार आडोसा करावा का, हा विचार घर बांधण्याआधी होईल.

प्रश्न : आमचा धाराशिव जिल्ह्यात माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, जुना वाडा आहे. भावकीत वाटण्या झाल्या असून तो लवकरच उतरवला जाईल. त्याआधी त्याचे थ्रीडी मॉडेल करून ठेवावे अशी इच्छा आहे. मी हौशी आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : मोजमापापासून, आणि आजच. जुन्या भिंती काटकोनात नसतात, म्हणून प्रत्येक खोलीच्या चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजा. कर्ण नसतील तर मॉडेल कागदावर जुळणार नाही. भिंतीची जाडी प्रत्येक दाराच्या चौकटीत मोजता येते. खणांची संख्या, दोन खांबांतले अंतर, तुळईचा छेद, ढाळजेची (दारालगतच्या ओसरीची) उंची, देवळ्यांची (भिंतीतल्या कोनाड्यांची) खोली आणि बळदाचे (धान्याच्या कोठीचे) तोंड यांची वेगळी वही करा. छायाचित्रांवरून मॉडेल करायचे असेल तर मेशरूम हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यासाठी लागोपाठच्या दोन छायाचित्रांत निम्म्याहून बराच अधिक भाग सामाईक असावा आणि एकाच जागी उभे राहून कॅमेरा फिरवण्याऐवजी स्वतः एकेक पाऊल सरकत जावे. अंधाऱ्या खोल्यांत तिपाई वापरा.

माळवदाचा छेद जरूर करा, कारण वाडा उतरवताना तो काही तासच उघडा दिसेल : तुळया, त्यांवरची लाकडे, त्यांवरचा मातीचा थर आणि वरची पांढरी माती, प्रत्येकाची जाडी टेपने मोजून. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि हे जड छप्पर कोसळून हजारो माणसे गेली. त्यानंतर अशी घरे नव्याने बांधली जात नाहीत, आणि त्यामागचे कारण योग्यच आहे. पण उन्हाळ्यात ती थंड का राहत होती आणि भूकंपात ती का टिकली नाहीत, या दोन्ही गोष्टी त्याच छेदात दिसतात, म्हणून तो आपल्या नातवंडांसाठी नोंदला गेला पाहिजे. चित्र करताना खोल्या उजळ करण्याचा मोह मात्र टाळा. माळवदातल्या सवण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, जमिनीवर पडणारा कवडसा आणि बाकी खोलीतला काळोख, हाच त्या घराचा उजेड होता.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरात एका बांधकाम व्यावसायिकासाठी माहितीपत्रकाची चित्रे करतो. प्रकल्पाजवळून उच्चदाब वाहिनी जाते, ती काढून टाकायला सांगितले आहे. शेजारचा मोकळा प्लॉट दुसऱ्याचा आहे, तिथे बाग दाखवायची आहे. बेडरूम मोठी दिसावी म्हणून पलंग लहान करण्याचीही सूचना आहे. सगळेच असे करतात म्हणतात. माझी जबाबदारी किती?

उत्तर : स्थावर संपदा अधिनियम, २०१६ चे कलम १२ आधी वाचा. जाहिरातीतील, माहितीपत्रकातील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या वा खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने भरपाई द्यावी असे ते सांगते. कायद्याचा रोख प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर आहे, चित्रकारावर नाही. या कायद्याखालच्या प्रकल्प-नोंदणीतून सूट आहे ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यावा लागतो, आणि महारेराने, म्हणजे आपल्या राज्याच्या त्या प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. तो कोड स्कॅन केला की मंजूर नकाशे ग्राहकाच्या हातात येतात, आणि तुमचे चित्र त्या नकाशाशेजारी ठेवून पाहिले जाते. बिल्डरला हे तुम्ही शांतपणे दाखवून दिलेत, तर निम्म्या सूचना तिथेच मागे घेतल्या जातात, असा माझा अनुभव आहे.

कायद्यापलीकडचे माझे मत मी स्पष्टपणे सांगतो. कुठून पाहावे हे निवडणे तुमचे काम आहे. जे आहे ते पुसणे आणि जे नाही ते लावणे हे तुमचे काम नाही. वाहिनी दिसणार नाही असा खरोखर उभे राहता येईल असा कोन असेल, तर तो खुशाल घ्या, मात्र हवाई दृश्यात ती दाखवा. शेजारच्या प्लॉटवर बाग दाखवू नका. तो करड्या रंगात, रिकामा ठेवा. ‘कलाकाराची कल्पना’ अशी बारीक अक्षरांतली ओळ खाली टाकली की सगळे माफ, असे मी मानत नाही, कारण गावाकडची एकर-दोन एकर जमीन विकून फ्लॅट नोंदवायला आलेले जोडपे ओळ वाचत नाही, चित्र पाहते.

पलंगाचा मुद्दा तर मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. दहा बाय दहाची बेडरूम घ्या. सहा बाय साडेसहाचा खरा पलंग मध्ये ठेवला की दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. पायथ्याशी साडेतीन फूट राहतात आणि तिथे दोन फूट खोलीचे कपाट आले की चालायला दीड फूट उरतो, ज्यात कपाटाचे दारही नीट उघडत नाही. खरेदीदाराला नेमके हेच समजायला हवे. तुम्ही पलंग पाच बाय साडेपाचचा केलात आणि १४ मिलिमीटरच्या, म्हणजे फार रुंद कोनाच्या, भिंगाने खोली ताणलीत, तर त्याच खोलीत सोफाही मावेल असे दिसते. फर्निचरची मापे खरी ठेवा, घराच्या आत भिंग २० मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, कॅमेरा पाच-सव्वापाच फुटांवर ठेवा. त्याउपर बिल्डरने आग्रह धरला तर सूचना ई-मेलवर लेखी मागा. लेखी मागितल्यावर बरेच आग्रह मावळतात. तरीही काम तसेच हवे असेल तर ते सोडून द्या. एक ग्राहक जाईल, हे खरे आहे, आणि ते सोपे नाही हेही मला माहीत आहे.

प्रश्न : बीडमध्ये काम करतो. “अजून एकदा रंग बदलून दाखवा” असे करत मालक महिना काढतात आणि शेवटी पैसे थकवतात. काय करावे?

उत्तर : काम सुरू करण्याआधी एक पानाचा लेखी प्रस्ताव द्या आणि त्यावर सही किंवा निदान संदेशाने होकार घ्या. त्यात किती व्ह्यू, कोणत्या आकाराचे, किती फेऱ्या दुरुस्त्या आणि नवे काम कशाला म्हणायचे, हे लिहा. दोन फेऱ्या पुरेशा असतात. मूळ नकाशाच बदलला तर ती दुरुस्ती नव्हे, नवे काम. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. पहिल्यांदा रंग-पोत न लावता पांढऱ्या मॉडेलचे चित्र पाठवून कोन पक्का करून घ्या, मग साहित्य, मग प्रकाश. सगळे एकदम दाखवले की मालक कुंडीच्या रंगावर बोलतात आणि मजल्याची उंची शेवटी बदलतात. कच्ची चित्रे लहान आकारात आणि आपल्या नावाच्या छापासह द्या, पूर्ण आकाराचे चित्र बाकी मिळाल्यावर. ए-३ कागदावर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायचे तर सुमारे ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागतात, हे मालकाला सांगितले की लहान चित्रावर फ्लेक्स करण्याचा प्रश्न उरत नाही. हक्कांचे हस्तांतरण कॉपीराइट कायद्यानुसार लेखी असावे लागते, म्हणून चित्र स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची मुभा त्याच पानावर लिहून घ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी जीएसटी नोंदणी साधारणतः लागत नाही. पण पावती मात्र प्रत्येक कामाची द्या, पैसे थकले तर तोच पुरावा असतो.

प्रश्न : मी परभणीचा सेवानिवृत्त शिक्षक आहे. मुलगा घरी बसून परदेशी ग्राहकांसाठी थ्रीडीची कामे करतो. कमाई ठीक आहे, पण तो रात्र-रात्र जागतो. शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्ता ही चित्रे क्षणात काढते असे ऐकतो. त्याने दुसरा मार्ग धरावा का?

उत्तर : गुरुजी, आपली काळजी रास्त आहे. केवळ सुंदर दिसणारे चित्र आता खरोखरच काही सेकंदांत मिळते, आणि ‘एखादे छानसे एलिव्हेशन करून द्या’ या स्वरूपाच्या स्वस्त कामांचे मोल पुढे कमी होत जाईल असेच मला वाटते. परंतु त्या चित्रात समोरून तीन खिडक्या असतात आणि बाजूने पाहिल्यावर चार होतात, जिना हवेत संपतो, मंजूर नकाशातला दहा फुटांचा रस्ता पंधरा फुटांचा होतो. ज्याला नकाशा वाचता येतो, आर्किटेक्टशी बोलता येते आणि बदल नेमका जिथे सांगितला तिथेच करता येतो, त्याची गरज राहते. आपल्या मुलाने सुरुवातीच्या कच्च्या कल्पनांसाठी ही नवी साधने जरूर वापरावीत, पण त्याचबरोबर बांधकामाचे ज्ञान वाढवावे. परभणीत एखाद्या अभियंत्यांच्या साइटवर आठवड्यातून एक दिवस जाऊन सेंटरिंगपासून प्लास्टरपर्यंतचे काम पाहणे, हा त्यासाठी सर्वांत चांगला अभ्यास आहे. त्यामुळे तो खोलीबाहेरही पडेल.

रात्रीच्या जागरणाची मात्र बरेचदा गरज नसते. रेंडर संगणक करतो. रात्री तो लावून झोपावे, आणि लावण्याआधी लहान आकारात एक चाचणी चित्र काढून पाहावे, म्हणजे सकाळी निराशा होत नाही. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे अडीच आणि उन्हाळ्यात दीड. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा. म्हणजे दोन्हीकडच्या ग्राहकांशी बोलणे रात्री दहाच्या आत उरकता येते. परदेशी ग्राहकाला ठरावीक वेळ सांगितलेली आवडते, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. रात्री साडेनऊनंतर आलेल्या सूचनांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर मिळेल, असे त्याने आपल्या ई-मेलच्या खाली कायमचे लिहून ठेवावे.